मेपलचे गुऱ्हाळ

मार्च महिना निम्मा सरला की कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाचा हंगाम उताराला लागतो. गावोगावची चुलवाणे एकेक करून थंडावतात, पेठेतील आवक घटते आणि व्यापारी पाडव्याच्या हिशेबाकडे वळतात. नेमक्या त्याच दिवसांत कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात बर्फ वितळू लागते आणि तेथील रानांत धुराड्यांतून वाफेचे लोट निघू लागतात. तीही एका परीने गुऱ्हाळेच. फरक इतकाच, की तेथे ऊस नसतो, घाणा नसतो. रस उभ्या झाडाच्या खोडातून थेंबाथेंबाने येतो. झाडाचे नाव मेपल. त्याचे पान १५ फेब्रुवारी १९६५ पासून कॅनडाच्या राष्ट्रध्वजावर आहे.

टोरांटोलगतच्या मिसिसॉगा शहरात स्थायिक झालेले एक जैन कुटुंब यंदा त्या रानात जाऊन आले. घरात पती-पत्नी, बारा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा, आणि जानेवारीअखेर कोल्हापूरहून आलेले आजोबा-आजी. आजोबांनी सत्तेचाळीस वर्षे गुळाची अडत केली. मुलगा संगणकाच्या क्षेत्रात गेला, पुतण्यांनी वेगळे व्यवसाय धरले, आणि गेल्या दिवाळीत पेढीवर शेवटचे वहीपूजन झाले. गाळ्याच्या किल्ल्या कपाटात ठेवून आजोबा विमानात बसले. कॅनडात आल्यापासून ते फारसे बोलत नसत. सकाळी देवपूजा, दुपारी खिडकीशी बसून बाहेरचे बर्फ पाहणे, संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी जेवण. विचारले तर ‘सगळे ठीक आहे’ एवढेच उत्तर.

सहलीचे निमित्त मात्र नातवाचे होते. त्याच्या शाळेत दर वसंतात मेपलचा दिवस साजरा होतो. गेल्या वर्षी त्या दिवशी वर्गात पॅनकेक वाढले गेले. त्यात अंडे होते. मुलाने ‘मला भूक नाही’ असे सांगितले आणि तो ताटलीकडे न पाहता बसून राहिला. घरी आल्यावर तो कोणाशी बोलला नाही. आईला हे समजले ते दुसऱ्या एका मुलाच्या आईकडून. यंदा शिक्षिकेने प्रत्येकाला घरून मेपलचा एखादा पदार्थ आणण्यास सांगितले होते. मुलाने ती चिठ्ठी चार दिवस दप्तरातच ठेवली. ती सापडली तेव्हा आजी सुनेला म्हणाल्या, “आधी ती वस्तू काय आहे, कशी होते, ते डोळ्यांनी पाहू. मग करायचे की नाही ते ठरवू.”

एलमायराच्या वाटेवर

मिसिसॉगापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, वॉटर्लू शहराच्या उत्तरेस एलमायरा हे गाव आहे. येथील मेपल सिरप महोत्सव १९६५ पासून भरतो. ध्वजावर मेपलचे पान आले त्याच वर्षी गावकऱ्यांनी हा उत्सव सुरू केला. स्वयंसेवक तो चालवतात आणि मिळणारे उत्पन्न परिसरातील सेवाकार्यांना दिले जाते. इ. स. २००० मध्ये एकाच दिवशी ६६ हजारांहून अधिक लोक या गावात आले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. उत्सवाच्या दिवशी मुख्य रस्ता वाहनांना बंद असतो. गर्दी टाळावी म्हणून हे कुटुंब आधीच्या एका शनिवारी निघाले. आजींनी पहाटे उठून दशम्या, मेथीचे ठेपले आणि मुगाचे वडे केले होते. गाळलेले पाणीही बरोबर घेतले होते.

एलमायराच्या आसपास रस्त्याच्या कडेने काळ्या घोडागाड्या धावताना दिसतात. त्या ओल्ड ऑर्डर मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांच्या. यांचे पूर्वज स्वित्झर्लंड व जर्मनीच्या परिसरातून आधी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात आले आणि १८०० च्या सुमारास तेथून माल लादलेल्या गाड्या घेऊन या खोऱ्यात उतरले. शस्त्र हाती धरायचे नाही, सैन्यात जायचे नाही, हा त्यांचा मूळ नियम. साधे गडद कपडे, थोडक्या गरजा, शेती, आणि शब्दाला जागून केलेला व्यवहार. त्यांच्यापैकी अनेक कुटुंबे आजही मोटार वापरत नाहीत. मुलाने वडिलांना विचारले, “यांना गाडी घेता येत नाही का?” वडील म्हणाले, “घेता येते. घेत नाहीत.” मागच्या आसनावर बसलेल्या आजोबांनी प्रथमच काच खाली केली आणि जाणारी घोडागाडी वळणापर्यंत पाहिली.

झाडाचा रस

मेपलच्या झाडीला येथे शुगरबुश म्हणतात. शेताच्या टोकाला, उतारावर, उंच निष्पर्ण झाडांची दाटी. पायाखाली अर्धवट वितळलेले बर्फ व चिखल. काही झाडांना पत्र्याच्या झाकणाच्या बादल्या टांगलेल्या, तर काही झाडांना निळसर प्लास्टिकच्या नळ्या लावून त्या एकमेकींना जोडलेल्या. या नळ्या उताराने खाली उकळघरापर्यंत जातात.

हा रस वर्षभर मिळत नाही. त्यासाठी रात्री पारा शून्याखाली जावा लागतो आणि दिवसा शून्याच्या वर चढावा लागतो. रात्री गारठ्याने खोडातील वायू आकसतो, रस गोठू लागतो आणि झाड मुळांतून पाणी वर ओढून घेते. सकाळी ऊन पडले की खोडात दाब वाढतो आणि छिद्र असेल तेथून रस ठिबकू लागतो. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल मध्य एवढाच हा काळ. त्यातही सलग दोन दिवस उबदार गेले किंवा सलग दोन दिवस कडाका पडला की ठिबकणे थांबते. झाडाला कळ्या फुटू लागल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो.

झाड रस देण्याजोगे व्हायला सुमारे चाळीस वर्षे लागतात. खोडाचा व्यास निदान २५ सेंटिमीटर झाल्याशिवाय त्याला छिद्र पाडीत नाहीत. छिद्र करंगळीपेक्षाही बारीक आणि सुमारे पाच सेंटिमीटर खोल. त्यात टोटी बसवतात. एका टोटीतून हंगामभरात साधारण ४० लिटर रस मिळतो. हंगाम संपला की टोटी काढतात आणि झाड ती जखम आपली आपण भरून काढते. पुढच्या वर्षी छिद्र जुन्या खुणेपासून दूर पाडायचे, हा नियम. शेतकऱ्याने एका जुन्या झाडावरील बुजलेल्या खुणा दाखवल्या. खोडावर बोट ठेवल्याएवढ्या त्या गोल खुणा एकमेकींपासून हातभर अंतरावर होत्या.

नात बराच वेळ एका बादलीकडे पाहत होती. टप्, टप् असा आवाज येत होता. तिने विचारले, “आजोबा, झाडाला दुखत असेल ना?”

आजोबा थोडा वेळ थांबले. मग त्यांनी नातवंडांना षड्लेश्येची गोष्ट सांगितली. भुकेले सहा वाटसरू जांभळाच्या झाडापाशी येतात. पहिला म्हणतो, झाड मुळासकट पाडू. दुसरा म्हणतो, खोड राहू द्या, मोठ्या फांद्या तोडू. तिसरा लहान डहाळ्यांवर येतो, चौथा घोसांवर, पाचवा फक्त पिकलेल्या जांभळांवर. सहावा म्हणतो, खाली पडलेली वेचू, तेवढ्याने पोट भरेल. सहाही जणांची भूक सारखीच, पण मनाचे रंग सहा. “मग हा शेतकरी कितवा?” मुलाने लगेच विचारले.

या प्रश्नाचे उत्तर आजोबांनी दिले नाही. आजी म्हणाल्या, “सहावा नाही. छिद्र पाडले म्हणजे जखम झालीच. पण पहिला-दुसराही नाही. किती घ्यायचे आणि कुठे थांबायचे हे त्याने ठरवले आहे. आपण जे खातो त्या प्रत्येक घासाचा हिशेब असाच मांडावा लागतो.” मुलीने बादलीवरचे झाकण नीट सरकवले आणि ती पुढे निघाली.

काहिलीपाशी

उकळघर म्हणजे लाकडी भिंतींची, छपराला उघडझाप करणारी झडप असलेली एक लांबट खोली. आत भट्टीवर पोलादी काहिली, त्यांत रस उकळत असलेला. भट्टीत लाकडाचे ओंडके. वाफ इतकी दाट, की समोरचा माणूस दिसू नये. त्या वाफेत गोडसर, किंचित धुरकट वास. दारात पाऊल टाकताच आजोबा थबकले. सुनेला वाटले, त्यांना धाप लागली. पण ते म्हणाले, “हा वास!” आणि थेट काहिलीपाशी गेले.

पुढचा तासभर ते थांबले नाहीत. रसातील साखर किती, असे त्यांनी विचारले. मुलाने दुभाष्याचे काम केले. उत्तर आले, सुमारे दोन टक्के. आजोबांनी जीभ चावली. उसाच्या रसात साखर पंधरा ते वीस टक्के असते. म्हणजे येथे एक लिटर सिरपसाठी जवळपास ४० लिटर रस आटवायचा. मोठे उत्पादक आता यंत्राने आधी बरेचसे पाणी काढून घेतात, पण या शेतकऱ्याकडे सारे काम भट्टीवरच होते. रस एका कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत जातो आणि शेवटच्या कप्प्यात सोनेरी होतो. पाणी उकळते त्याहून साधारण चार अंश सेल्सियस अधिक तापमान झाले की सिरप तयार. त्यात साखरेचे प्रमाण तेव्हा ६६ टक्क्यांच्या आसपास असते.

शेतकऱ्याकडे तापमापक होता, तरी त्याने चपटा पळा काहिलीत बुडवून वर उचलला. कडेवरून थेंब सुटे न पडता एकत्र येऊन पातळ पडद्यासारखे लोंबले. आजोबांनी मान हलवली. मग त्यांनी खुणेने पाण्याचा पेला मागितला, पळ्यावरचा एक थेंब पाण्यात सोडला आणि तो विरताना पाहिला. गुळव्या पाण्यात पाक सोडून गोळी वळते का ते पाहतो. येथे गोळी वळायची नव्हती. तिच्या बरेच अलीकडे थांबायचे होते. “काकवी,” आजोबा म्हणाले, “ही झाडाची काकवी आहे.” शेतकऱ्याने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला.

तेवढ्यात काहिलीतील फेस फुगून काठापर्यंत आला. शेतकऱ्याने शेजारच्या बाटलीतून काहीतरी थेंबभर टाकले आणि फेस बसला. आजोबांनी लगेच मुलाकडे वळून विचारले, “त्याला विचार, काय घातले.” गुऱ्हाळातही फेस उतू जाऊ नये म्हणून तेलाचे थेंब टाकतात, मळी वर यावी म्हणून भेंडीचे पाणी घालतात. काहिलीत काय पडते हे जाणल्याशिवाय माल उचलायचा नाही, ही पेढीची शिस्त होती.

शेतकऱ्याने बाटली पुढे केली. ते सूर्यफुलाचे तेल होते. मग तो प्रामाणिकपणे म्हणाला, की त्याच्या आजोबांच्या काळी काहिलीवर खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीने टांगून ठेवीत. फेस तेथवर चढला की चरबीला लागून खाली बसे. कुणी लोण्याचा गोळा टाकी, कुणी साय. काही ठिकाणी लोणी अजूनही वापरतात. त्यामुळे ज्याला पथ्य असेल त्याने प्रत्येक ठिकाणी विचारावे, हेच बरे.

हे ऐकून आजी दोन पावले मागे सरल्या. सुनेचा चेहरा उतरला. घरात मेपल सिरपची बाटली गेली सहा वर्षे येत होती आणि हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. मध वर्ज्य म्हणून मधाऐवजी हेच वापरावे, असे तिने इतरांनाही सुचवले होते. आजींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “अजाणता झाले त्याचे आता वाईट वाटून घेऊ नको. कळल्यावर विचारायला लागलीस, पुरे.” नंतर त्यांनी आपणहून गाळण्याची चौकशी केली. सिरप दाबाखाली कापडाच्या अनेक पडद्यांतून गाळतात. रस आटताना त्यात खनिजांची बारीक वाळूसारखी कणी तयार होते, ती त्यात अडकते. आजींनी गाळणीचे कापड हातात घेऊन उजेडाकडे धरले, विण घट्ट असल्याची खात्री केली आणि दोन बाटल्या घेण्यास संमती दिली.

बाहेर अंगणात मुलांची रांग होती. लाकडी पन्हळीत स्वच्छ बर्फ भरून त्यावर कढत पाकाची धार सोडत होते. क्षणात तिची चिवट वडी होई आणि ती काडीवर गुंडाळून मुलांना देत. नातवाने आजीकडे पाहिले. हिम खायचे नाही, हे त्याला ठाऊक होते. तो काही बोलला नाही. गेल्या वर्षी वर्गात जसा उभा होता तसाच हात खिशात घालून उभा राहिला. आजींनी ते पाहिले आणि पाकाची धार सोडणाऱ्या बाईंच्या हाताकडेही बारकाईने पाहिले.

रसाचा इतिहास, रसाचा बाजार

परतीच्या वाटेवर नातीने शाळेत शिकलेले सांगितले. युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून अनिशिनाबे, हॉडेनोशोनी आदी मूळ रहिवासी मेपलचा रस आटवत होते. भूर्जाच्या सालीची भांडी करून त्यांत रस साठवीत. अनिशिनाबे लोकांच्या पंचांगात एका महिन्याचे नावच रस आटवण्यावरून पडलेले आहे. लोखंडी कढया युरोपीयांबरोबर आल्या आणि काम सोपे झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत गुलामगिरीला विरोध करणाऱ्या काही मंडळींनी मेपलच्या साखरेचा प्रचार केला. वेस्ट इंडीजमधील उसाची साखर गुलामांच्या श्रमातून होते, तेव्हा ती सोडून झाडाची साखर खावी, असे त्यांचे म्हणणे होते. फिलाडेल्फियाचे वैद्य बेंजामिन रश त्यांपैकी एक. साखर कोणाच्या कष्टातून येते, हा प्रश्न तेव्हाही ग्राहकाच्या ताटापर्यंत पोहोचला होता.

आजोबांना बाजारात अधिक रस होता. त्यांच्या मुलाने जे सांगितले ते ऐकताना ते पुढे सरसावून बसले. जगातील मेपल सिरपपैकी सुमारे ७० टक्के एकट्या क्वेबेक प्रांतात होते. तेथील उत्पादकांची संघटना मालाची विक्री आपल्या हाती ठेवते, कोणी किती माल काढावा याची मर्यादा ठरवते आणि चांगल्या वर्षीचा जादा माल पिंपांत भरून राखीव ठेवते. हवामानाने दगा दिला की हा साठा बाजारात येतो, त्यामुळे भाव फार हेलकावत नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात साठ्याची तपासणी करताना एक पिंप हलके लागले. उघडले तर रिकामे. पुढे कळले, की हजारो पिंपे रिती झाली होती आणि काहींत पाणी भरलेले होते. जवळपास १८ दशलक्ष डॉलरांचा माल चोरीस गेला होता.

“मोजदाद वर्षातून एकदाच करीत असतील,” आजोबा म्हणाले. मग ते शाहूपुरीबद्दल बोलू लागले. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली ती पेठ, पहाटे उतरणाऱ्या बैलगाड्या, रव्यावर टाच मारून रंग पाहणे, सौद्याचा गलका, गुजरातचे खरेदीदार, दर महिन्याला होणारी वखारीतील मोजदाद. मुसळधार पावसाच्या एका वर्षी गूळ पाझरू लागला तेव्हा शेतकऱ्याची पट्टी न कापता स्वतः सोसलेली तूट. नातवंडांनी यातले काही कधी ऐकले नव्हते. मुलानेही ती तुटीची हकिगत प्रथमच ऐकली. गाडी घराशी थांबली तेव्हा सूर्य मावळायला तासभर होता आणि आजोबा अजून बोलत होते.

घरची भट्टी

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर आजींच्या ताब्यात गेले. सर्वांत आधी त्यांनी स्टीलची मोठी थाळी पुसून कोरडी केली आणि गच्चीच्या कठड्याशी बाहेर ठेवली. बाहेर शून्याखाली पाच अंश. अर्ध्या तासात थाळी हात लावू नये इतकी गार झाली. इकडे जाड बुडाच्या पातेल्यात दोन वाट्या सिरप मंद आचेवर उकळत ठेवले. पातेले निम्मेच भरायचे, कारण फेस दुपटीने चढतो. चढलाच तर तुपाचा एक थेंब. वाटीतल्या पाण्यात पाकाचा थेंब टाकला आणि त्याची मऊ गोळी वळली तेव्हा आजींनी आच बंद केली. तुपाचा हात लावलेल्या गार थाळीवर त्यांनी पाकाची धार सोडली. तिची तशीच चिवट, चकाकती वडी झाली. त्यांनी ती काडीवर गुंडाळून नातवाच्या हाती दिली. त्याने ती खाल्ली, दुसरी मागितली आणि तिसरी स्वतः गुंडाळली.

मग शाळेच्या डब्याचा प्रश्न. शिक्षिकेच्या चिठ्ठीत लिहिले होते, की पदार्थात शेंगदाणे, बदाम, अक्रोड असे काही नसावे. वर्गातील दोन मुलांना त्यांचे वावडे आहे. सोबत घटकांची यादी लिहून पाठवावी. मुलाने यादीची ओळ आईला दोनदा वाचून दाखवली. काय घातले हे विचारणारी इतरही घरे आहेत, हे त्याच्या ध्यानात आले असावे.

नानकटाई करायचे ठरले. अंडे नाही, लोणी नाही, सुकामेवा नाही. पहिला घाणा फसला. सिरपमधील पाण्यामुळे पीठ सैल झाले, नानकटाई भट्टीत पसरली आणि थंड झाल्यावर कडक झाली. आजोबांनी एक तुकडा चावून ‘पापडी छान झाली’ असा शेरा दिला. दुसऱ्या वेळी आजींनी सिरप आधी आटवून घेतले, आणि मग जमले. ती कृती अशी :

साहित्य : गव्हाची बारीक कणीक १ वाटी, मैदा १ वाटी, बेसन २ मोठे चमचे, साजूक तूप पाऊण वाटी, मेपल सिरप पाऊण वाटी, बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा, वेलदोड्याची पूड अर्धा लहान चमचा, चिमूटभर मीठ. सिरप गडद रंगाचे घ्यावे. फिकट सोनेरी सिरप नुसते खायला उत्तम, पण भाजल्यावर त्याचा स्वाद टिकत नाही.

कृती : सिरप मंद आचेवर आटवून अर्ध्या वाटीहून थोडे कमी करावे आणि पूर्ण गार होऊ द्यावे. थिजलेले तूप हाताने हलके होईपर्यंत फेसावे. त्यात गार सिरप थोडे थोडे घालून फेसत राहावे. कणीक, मैदा, बेसन, बेकिंग पावडर, वेलदोडा व मीठ दोनदा चाळून त्यात मिसळावे. पीठ मळू नये, फक्त गोळा करावा. सैल वाटल्यास दोन चमचे कणीक वाढवावी. गोळा झाकून अर्धा तास थंड जागी ठेवावा. लहान पेढ्याएवढे गोळे करून किंचित चपटे करावेत आणि १७० अंश सेल्सियसला तापवलेल्या भट्टीत १५ ते १८ मिनिटे भाजावेत. कडा तांबूस झाल्या की बाहेर काढावेत. गरम असताना त्या मऊ लागतात, गार झाल्यावर खुसखुशीत होतात. तोवर हात लावू नये.

नातीने काही गोळ्यांवर सुरीच्या टोकाने मेपलच्या पानाची रेघ ओढली. मुलाने घटकांची यादी स्वतःच्या अक्षरात लिहिली. वेलदोड्याला इंग्रजीत काय म्हणतात ते बहिणीला विचारून घेतले. शेवटी त्याने एक ओळ वाढवली : यात अंडे नाही, कोणीही खाऊ शकते.

दुपारच्या जेवणात आजोबांनी गरम चपातीवर तूप घेतले आणि त्यावर सिरपची बारीक धार सोडली. काकवी-चपाती ते लहानपणापासून खात आले होते. चव तीच नव्हती. यात उसाचा खारटपणा नव्हता, थोडी लाकडाची छटा होती. तरी त्यांनी आणखी एक चपाती मागितली.

शुक्रवारी डबा रिकामा परतला. तळाशी शिक्षिकेची चिठ्ठी होती. तिला कृती हवी होती. मुलाने ती आईला न देता आजीकडे नेली.

आजोबांनी दुसरी बाटली फोडू दिली नाही. ती त्यांनी दोन धोतरांच्या घड्यांत गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी ठेवली आहे. करवीर तालुक्यातील ज्या गुळव्याकडून ते तीस वर्षे माल घेत आले, त्याला ती दाखवायची आहे. चाळीस लिटरांचा एक लिटर होतो हे त्याला सांगितले तर तो विश्वास ठेवणार नाही, म्हणून त्यांनी खिशातील लहान वहीत रस, लाकूड, दिवस आणि भाव असा हिशेब मांडून ठेवला आहे. दिवाळीनंतर त्या वहीत झालेली ती पहिलीच नोंद आहे.